डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी : मीठ, पाणी आणि तार

(बी. कॉम. भाग दुसरा)

गेल्या पावसाळ्यात माझी चुलत बहीण आपल्या अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. दुसऱ्याच दिवशी बाळाला जुलाब सुरू झाले. आजीने पहिला हुकूम काय सोडला असेल, तर बाळाचे पाणी बंद करा. वरून पाणी दिले की खालून जास्त जाते, हा तिचा जुना अनुभव. शेजारच्या अज्जींनी कन्नडमधून नेमके तेच सांगितले. भाषेच्या बाबतीत आमच्या गल्लीत कधीमधी वाद होतात. पण या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत होते! संध्याकाळपर्यंत बाळाचे डोळे आत गेले, रडताना डोळ्यांत पाणी येईना, आणि सकाळपासून त्याने लंगोट ओला केला नव्हता. तेवढ्यात गल्लीत फिरतीवर असलेल्या आशाताई आल्या. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली, एक लिटर पाण्यात ती विरघळवली आणि चमच्याचमच्याने बाळाला पाजायला सुरुवात केली. रात्री दहाच्या सुमारास बाळाने लंगोट ओला केला आणि घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडला.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्या पुडीत असे कोणते मोठे औषध आहे, याचे मला कुतूहल वाटले. पुडीवर वाचले तर साखर, मीठ आणि आणखी दोन क्षार, बस्स! मग ही गोष्ट प्रथम कोणाला सुचली याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा एक ओळखीचे नाव समोर आले. भारतात तारायंत्र आणणारे म्हणून ज्यांचे नाव इतिहासात घेतले जाते, तेच हे डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी. तारेच्या खांबांमागे त्यांच्या आयुष्यातील पहिले आणि कदाचित सर्वांत मोठे काम झाकले गेले आहे. त्या कामाची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ओशॉनेसी यांचा जन्म आयर्लंडमधील लिमरिक येथे १८०८-०९ च्या सुमारास झाला. एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८२९ साली ते डॉक्टर झाले. तेथे रसायनशास्त्राची आणि विषपरीक्षेची त्यांना विशेष गोडी लागली. पुढे ते लंडनला आले. परंतु तेथे वैद्यकीचा व्यवसाय करण्याचा परवाना त्यांना मिळू शकला नाही. दवाखाना थाटता येईना, म्हणून त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि रासायनिक पृथक्करणाची कामे घ्यायला सुरुवात केली. लहान मुलांच्या रंगीत मिठाईत शिशाचे आणि पाऱ्याचे विषारी रंग घातले जातात, हे त्यांनी १८३१ साली तपासून दाखवले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस होते. परवाना मिळाला असता तर ते कदाचित चार रोगी तपासून सुखाने राहिले असते. दार बंद झाले म्हणून ते तराजू आणि काचेच्या नळ्यांकडे वळले, आणि पुढचा सारा इतिहास त्यातून घडला.

त्याच सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्यावर एक भयंकर पाहुणी उतरली. आपल्याकडे तिला पटकी म्हणत. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली ही साथ दुसऱ्या वर्षी दख्खन तुडवीत मुंबईपर्यंत पोचली होती. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ती याच रोगाच्या धास्तीने चालत आली. रागाच्या भरात पटकीचे नाव घेऊन शाप देणाऱ्या म्हाताऱ्या आजही खेड्यात भेटतात. एवढी या रोगाची दहशत! सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी हातपाय गार पडून, डोळे खोल जाऊन, निळा पडून संध्याकाळी मरत असे. पुढे उसळलेली दुसरी साथ रशिया व युरोप ओलांडून ऑक्टोबर १८३१ मध्ये इंग्लंडमधील संडरलंड या बंदरात दाखल झाली.

त्या काळचे डॉक्टर यावर काय उपचार करीत? शीर कापून रक्त काढीत! शिवाय पाऱ्याचे औषध देत, अफू देत, ओकारीचे आणि जुलाबाचेही औषध देत. रोग म्हणजे अंगात साठलेले काही दूषित द्रव्य, ते बाहेर काढले पाहिजे, अशी समजूत होती. ज्याच्या अंगातले पाणी आधीच वाहून चालले आहे त्याचे रक्तही काढून घ्यायचे, म्हणजे दिवाळखोराच्या घरावर दरोडा घालण्यासारखेच होते. पण विद्वान माणसे हे मनोभावे करीत होती, हे विसरून चालणार नाही.

ओशॉनेसी यांचाही पहिला तर्क चुकलेला होता. रोगी निळा पडतो त्या अर्थी रक्तात प्राणवायू कमी पडत असावा, तेव्हा प्राणवायू देणारे क्षार शिरेतून द्यावेत, असे मत त्यांनी डिसेंबर १८३१ च्या आरंभी लंडनमध्ये मांडले होते. परंतु मत मांडून ते स्वस्थ बसले नाहीत. ते स्वतः संडरलंडला गेले, प्रत्यक्ष रोगी पाहिले, त्यांचे रक्त आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडणारा तांदळाच्या धुवणासारखा द्रव घेऊन त्यांनी दोन्हींचे पृथक्करण केले. त्यांनी काय पाहिले? रक्त घट्ट झाले आहे, कारण त्यातील पाण्याचा फार मोठा भाग नाहीसा झाला आहे. रक्तातील मीठ आणि सोड्यासारखे क्षार कमी झाले आहेत. लघवी बंद झालेल्या रोग्यांच्या रक्तात युरिया साचला आहे. आणि रक्तात जे क्षार कमी भरतात, ते सर्व बाहेर पडलेल्या द्रवात सापडतात.

आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. एका खात्याला जे नावे पडते ते दुसऱ्या खात्याला जमा दिसलेच पाहिजे, हा आमचा पहिला धडा. ओशॉनेसी यांनी रक्ताचे खाते आणि जुलाबाचे खाते शेजारी शेजारी मांडले आणि दोन्हींचा मेळ घातला. विष कोणते, ते कोठून आले, हे त्यांना ठाऊक नव्हते. जंतूंची कल्पनाही त्या वेळी रूढ नव्हती. पण रोगी कशाने मरतो हे त्यांनी बरोबर ओळखले होते. तो पाणी आणि मीठ गेल्याने मरतो. मग उपचार कोणता, हे ओघानेच आले. जे गेले ते परत द्यावे. शक्य असेल तर पोटातून द्यावे, ते जमत नसेल तर क्षार घातलेले पाणी शिरेतून द्यावे. कुत्र्यांवर प्रयोग करून असे पाणी शिरेत घातले तरी प्राणी दगावत नाही, हेही त्यांनी पाहून घेतले होते. आपला पूर्वीचा तर्क त्यांनी सोडून दिला आणि हे निष्कर्ष डिसेंबर १८३१ अखेर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्राने कळवले. १८३२ साली त्यांचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध झाला.

तो वाचून स्कॉटलंडमधील लीथ या गावचे डॉ. थॉमस लाट्टा यांनी मे १८३२ मध्ये धाडस केले. एक वृद्ध स्त्री अगदी शेवटच्या घटका मोजत होती. नाडी लागत नव्हती. लाट्टा यांनी तिच्या शिरेत बारीक नळी बसवली आणि मीठ व सोडा घातलेले कोमट पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. काही वेळ काहीच फरक दिसला नाही. नंतर श्वास मोठा होऊ लागला, गालांवर रंग आला, नाडी परतली आणि बाई बोलू लागली. सुमारे सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरहून अधिक पाणी दिले गेले होते. आता धोका टळला असे समजून लाट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरांच्या हवाली करून निघून गेले. पण जुलाब व वांत्या पुन्हा सुरू झाल्या. पाणी मात्र पुन्हा कोणी दिले नाही. साडेपाच तासांनी ती बाई मरण पावली. लाट्टा यांना आपली चूक उमगली. एकदा भरपाई करून भागत नाही. गळती चालू आहे तोवर भरणाही चालू राहिला पाहिजे. पुढील रोग्यांना त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी दिले आणि त्यांतील काही जण वाचले.

वाचकहो, येथे ही कथा सुखाने संपायला हवी होती. पण तसे झाले नाही. ज्यांची आशा सोडली होती अशाच रोग्यांना हा उपचार दिला जाई, त्यामुळे पुष्कळसे दगावत. पाणी जंतुरहित नसे, शिरेत हवा जाण्याचे भय असे आणि पाण्यात मिठाचे प्रमाणही कमी पडत असे. लाट्टा स्वतः १८३३ साली क्षयाने वारले. साथ ओसरली, आणि तिच्याबरोबर हा उपचारही विसरला गेला. डॉक्टर मंडळी पुन्हा पारा आणि अफूकडे वळली.

आणि ओशॉनेसी? ते १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सहायक शल्यवैद्य म्हणून बंगालमध्ये आले, म्हणजे पटकीच्या माहेरीच आले म्हणा ना! १८३५ साली कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघाले, तेथे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथील वैद्य व हकीम वापरीत असलेल्या वनस्पतींचा त्यांनी कसून अभ्यास केला. गांजाच्या औषधी गुणांवरील त्यांचा १८३९ चा निबंध पाश्चात्त्य वैद्यकात गाजला. धनुर्वात, लहान मुलांचे झटके यांबरोबरच पटकीच्या रोग्यांवरही त्यांनी गांजाचा प्रयोग करून पाहिला होता. पाण्याचा आणि मिठाचा हिशेब ज्याने मांडला तोच पुरुष पटकीवर गांजा देऊन पाहतो, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. मोठ्या माणसाचीही आपल्या शोधावरची पकड सुटू शकते, असेच म्हणावे लागते. त्यांनी बंगालसाठी औषधीकोश व औषधसंहिता तयार केली, आणि १८४३ साली त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

त्यांच्या कीर्तीचा दुसरा आणि अधिक झळाळणारा अध्यायही १८३९ सालीच सुरू झाला. कलकत्त्याजवळ बांबूंवर वीसएक मैल लोखंडी तार गुंडाळून त्यांनी विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. कंपनी सरकारने त्या वेळी लक्ष दिले नाही. पुढे लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाले तेव्हा ओशॉनेसी कलकत्त्याच्या टांकसाळीत काम पाहत होते. त्यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. १८५१ साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तार सुरू झाली. त्यांच्या हाताखालचे टांकसाळीतील शिवचंद्र नंदी हे बंगाली गृहस्थ या कामात त्यांचा उजवा हात ठरले. वादळे, वाळवी, माकडे आणि हत्ती या सर्वांना पुरून उरेल अशी जाड लोखंडी सळईची तार त्यांनी वापरली. मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्याला संदेश पोचला. फेब्रुवारी १८५५ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडणारी तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. महिनाभर लागणारी बातमी काही तासांत येऊ लागली. १८५६ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १८५७ च्या उठावात याच तारेने इंग्रजांची बाजू सावरली, हेही येथे नमूद केले पाहिजे. ती तार आपल्या कल्याणासाठी म्हणून घातलेली नव्हती. १८६० साली त्यांनी भारत सोडला आणि ८ जानेवारी १८८९ रोजी इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच सर लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून अधिक मिठाचे पाणी देण्याची पद्धत नीट बसवली, आणि तेथील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. १९५९ साली डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, पटकीच्या जंतूचे विष आतड्यातून पाणी बाहेर ओतवते. १९६० नंतरच्या संशोधनातून आणखी एक गुपित उघड झाले. जुलाब चालू असतानाही आतडे साखर आणि मीठ जोडीने आत घेऊ शकते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते. नुसते पाणी नीट शोषले जात नाही, पण साखरेने दार उघडले की मीठ व पाणी आत येतात. ओशॉनेसी यांच्या हिशेबात राहून गेलेली नोंद ती हीच.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. रुग्णालयात जमिनीवर रोगी, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिपांत कालवून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. पाजणारे कोणी डॉक्टर नव्हते. आया, भाऊ, मुलगे होते. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. १८३२ ते १९७१! सबंध देशाची बातमी काही तासांत पोचवणाऱ्या माणसाची स्वतःची बातमी रोग्याच्या ओठापर्यंत पोचायला १३९ वर्षे लागली.

ती बातमी आपल्या घरापर्यंत पोचली आहे काय? माझ्या घरापर्यंत गेल्या पावसाळ्यापर्यंत पोचली नव्हती, हे मी कबूल केले आहे. म्हणून जे शिकलो ते येथे थोडक्यात देतो. जुलाब किंवा वांत्या होत असता तहान वाढणे, तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी व गडद होणे, तान्ह्या मुलाची टाळू आत जाणे, ही अंगातले पाणी कमी झाल्याची लक्षणे होत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती चटकन पूर्ववत न होता सावकाश बसली, तर पाणी बरेच गेले आहे असे समजावे. जलसंजीवनीची पुडी असेल तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ती सबंध विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होता कामा नये. ते बाळाला घातक ठरते. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे, आणि तेही चमच्याने किंवा घोटाघोटाने. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल होऊन झोपेतच राहत असेल, पिऊ शकत नसेल, शौचावाटे रक्त पडत असेल किंवा लघवी थांबली असेल, तर घरी वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून सलाईन लावावे लागेल. लाट्टा यांनी त्या वृद्धेला दिले होते तेच, फक्त अधिक शुद्ध आणि मोजून मापून केलेले.

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. आमच्या पिढीने तार पाहिलीही नाही. आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी पिवळी पडलेली तार आहे, तेवढीच आमची ओळख. ओशॉनेसी यांचे ते काम संपले. पण बावीस-तेवीस वर्षांचा, परवाना नाकारलेला एक तरुण आपले मत चुकले असेल म्हणून स्वतः साथीच्या गावी जातो, मोजतो, आणि मोजून झाल्यावर मत बदलतो, ते काम अजून चालू आहे. आमच्या स्वयंपाकघरात फळीवर मिठाच्या आणि साखरेच्या बरण्या शेजारी शेजारी असतात. त्यांच्यावर एका कागदावर ते प्रमाण लिहून मी चिकटवले आहे, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. शेजारच्या अज्जींनी तो कागद नातीकडून वाचून घेतला. आजीने मात्र अजून आपले मत बदललेले नाही. पण बाळाला पाणी पाजताना आता ती हात धरत नाही.